तळ्याच्या तळाशी साठणारा अमोनिया: ऑक्सिजनचे थर, मोजणी आणि उपाय

पाणथळ

शेततळं असो की पाझर तलाव, पाणी तपासायला देताना बहुतेक जण काठावर वाकून बाटली भरतात. रिपोर्टात अमोनिया नगण्य, ऑक्सिजन ७, सगळं ठीक. मग मे महिन्यात वळीव कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. रिपोर्ट खोटा नसतो, तो फक्त वरच्या हातभर पाण्याचा असतो. अडीच-तीन मीटर खाली पाणी पार वेगळं असू शकतं. त्यासाठी हा धागा. (आकडे वेगळं लिहिलं नसेल तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर.)

आधी थर का पडतात ते. गरम पाणी हलकं, थंड पाणी जड, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण किती हलकं, ते तापमानावर ठरतं. ४ अंशांचं पाणी ५ अंशांवर गेलं तर एका घनमीटरचं वजन जेमतेम ८ ग्रॅमनी घटतं. २९ वरून ३० वर गेलं तर जवळपास ३०० ग्रॅमनी. म्हणून थंड देशातल्या तलावात एका अंशाच्या फरकाला फारशी किंमत नसते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात वर-खाली दीड-दोन अंशांचा फरक असला तरी वाऱ्याला ते पाणी ढवळणं जड जातं.

थर पडला की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. प्रकाशही पोचत नाही. काळी-पांढरी सेकी तबकडी जितक्या खोलीवर दिसेनाशी होते, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट खोलीपर्यंतच शैवाल ऑक्सिजन तयार करू शकतं. हिरव्यागार तळ्यात तबकडी ३० सेंटिमीटरला गायब होते, म्हणजे ऑक्सिजन तयार होतो तो वरच्या पाऊण मीटरात. त्याखाली फक्त खर्च.

आणि नायट्रोजनचं सगळं गणित याच खर्चावर चालतं. विष्ठा, उरलेलं खाद्य, मेलेलं शैवाल गाळात कुजतं आणि अमोनियम (अमोनियाचंच पाण्यातलं कमी घातक रूप) सुटतं. ऑक्सिजन असेल तर जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रीकरण. ऑक्सिजन २ च्या खाली गेला की त्याचा वेग घटतो, ०.५ च्या खाली जवळजवळ थांबतो. अमोनियम सुटायचं मात्र थांबत नाही, कारण कुजण्याला ऑक्सिजन लागतोच असं नाही. तळाशी अमोनियम साठत जातो.

थर नीट बसलेल्या पाण्यात वरून खाली मोजत गेलात तर एक ठरावीक क्रम दिसतो. ऑक्सिजन जिथे झपाट्याने घसरतो त्या पट्ट्यात नायट्रेट जास्त, त्याच्या जरा खाली नायट्राइटचा छोटा उंचवटा, आणि आणखी खाली दोन्ही शून्याकडे जाऊन अमोनियम चढत जातो. तो घसरणीचा पट्टा म्हणजे नायट्रोजनचा जकात नाका. बहुतेक रूपांतरं तिथेच होतात.

कटला

शंका आहे. थर वगैरे खोल सरोवरांसाठी वाचलं होतं. तीन मीटरच्या शेततळ्यात रात्री पाणी गार होऊन सगळं एक होत नाही का?

पाणथळ

होतं, बऱ्याचदा. उथळ तळ्यात थर दुपारी बसतो आणि पहाटेपर्यंत मोडतो. रोज मोडत असेल तर फारसं भय नाही, कारण तळाला रोज थोडा ऑक्सिजन मिळतो. अडचण येते ती थर चार-पाच दिवस सलग टिकला की. पाणी गडद हिरवं किंवा गढूळ असेल तर ऊन वरच्या फूटभरातच शोषलं जातं. बांध उंच असेल किंवा भोवती शेवग्या-बांबूची दाट रांग असेल तर वारा पाण्याला लागत नाही. त्यात रात्री उकाड्याच्या असतील तर थर मोडायला कारणच उरत नाही.

ओळखायचं साधं आहे. सूर्योदयाआधी वरचं आणि तळाच्या वीतभर वरचं तापमान घ्या. फरक अर्ध्या अंशाच्या आत असेल तर रात्रीत पाणी मिसळलं. पहाटेही एक अंशाहून जास्त फरक दिसला तर थर मुक्कामाला आहे. त्या दिवशी तळाचा अमोनिया मोजल्याशिवाय काहीही करू नका, एरिएटरसुद्धा (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावू नका.

प्रयोगशाळेतून

मोजणीत चुका फार होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

डीओ मीटरच्या (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) केबलवर दर अर्ध्या मीटरला रंगीत टेप लावा. टोकाजवळ वजन बांधा, पण सेन्सरच्या वर, नाहीतर वजन गाळात बसून सेन्सरही बुडतो. पडद्याचा सेन्सर असेल तर तो हळूहळू वर-खाली हलवत ठेवावा लागतो, कारण तो स्वतःच ऑक्सिजन खातो आणि स्थिर पाण्यात आकडा कमी दाखवतो. ऑप्टिकल सेन्सरला ही गरज नाही, फक्त आकडा स्थिर होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा. कॅलिब्रेशन ओल्या हवेत करा आणि उंची भरा. समुद्रसपाटीला ३० अंशांवर संपृक्त पाण्यात ऑक्सिजन ७.५६ असतो. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ७.१ भरतो.

विंकलर पद्धतीने (रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं) करत असाल तर ३०० मिलीची बीओडी बाटली. आधी मँगनस सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, बूच, उलटसुलट, साका अर्ध्याखाली बसला की सल्फ्युरिक आम्ल. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. अझाइड हवंच, कारण घसरणीच्या पट्ट्यात नायट्राइट असतं आणि ते आकडा फुगवतं. पण अगदी तळाच्या पाण्यात सल्फाइड आणि विरघळलेलं लोह असतं, तिथे विंकलर फसते. तळासाठी मीटरच धरा.

नमुना घेण्याबद्दल. दगड बांधलेली बाटली खाली सोडून दोरीने बूच ओढायची पद्धत अमोनियासाठी चालते. ऑक्सिजनसाठी नाही, कारण बाटली भरताना आतली हवा बुडबुड्यांनी पाण्यात मिसळते. त्याला लहान पंप आणि नळी बरी. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी ठेवा आणि बाटलीच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्या.

अमोनियासाठी नमुना गाळून बर्फात ठेवा, २४ तासांत तपासा. उशीर होणार असेल तर सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून थंड ठेवा. नायट्राइटच्या बाटलीत मात्र आम्ल घालायचं नाही. नेसलर अभिकर्मक (रंगावरून अमोनिया दाखवणारं रसायन) तळाच्या पाण्यात त्रास देतं: कडकपणा, लोह, सल्फाइड, तिन्हींमुळे गढूळपणा येतो आणि रंगावरून आकडा चुकतो. शिवाय त्यात पारा आहे, ते नाल्यात ओतू नये. सॅलिसिलेट किंवा फेनेट पद्धतीचा संच घ्या.

आणि रिपोर्टावर आकडा कशाचा आहे ते वाचा. 'नायट्रोजन म्हणून' १ म्हणजे 'अमोनियम म्हणून' १.२९. नायट्रेटमध्ये फरक ४.४३ पटींचा पडतो. पिण्याच्या पाण्याची ४५ ची मर्यादा 'नायट्रेट म्हणून' आहे. ती नायट्रोजनच्या आकड्याशी ताडली की सगळा निष्कर्ष उलटा होतो.

पाणथळ

आता उलथापालथीचा हिशेब. नेहमीचं शेततळं धरू: ३० × ३० × ३ मीटर, उतार १:१. पाणी भरतं सुमारे २२०० घनमीटर. तळाच्या एक मीटरात त्यातलं सुमारे ६२५ घनमीटर, म्हणजे २८ टक्के.

उदाहरणासाठी धरा की वर ऑक्सिजन ७ आणि अमोनिया-नायट्रोजन ०.१, खाली ऑक्सिजन ० आणि अमोनिया-नायट्रोजन ४. वळिवाचा गार पाऊस पडला, ते जड पाणी खाली गेलं, वाऱ्याने उरलेलं ढवळलं. मिसळल्यावर ऑक्सिजन ५, अमोनिया-नायट्रोजन १.२. वरवर पाहता दोन्ही सोसण्याजोगे.

पण विषारी असतो तो मुक्त अमोनिया, अमोनियम नव्हे. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं. ३० अंशांवर पीएच ७.२ ला एकूण अमोनियाच्या सव्वा टक्का मुक्त असतो, ८ ला साडेसात टक्के, ८.५ ला वीस टक्के, ९ ला पंचेचाळीस. तळाशी पीएच ७.२ च्या आसपास असतो, म्हणून तिथल्या ४ मधला मुक्त अमोनिया फक्त ०.०५. तोच अमोनिया पातळ होऊन १.२ झाला, पण हिरव्या पाण्याच्या ८.५ पीएचमध्ये आला, तर मुक्त भाग ०.२४. पातळ झाल्यावर विष पाचपट. काठावरच्या बाटलीतून हे आधी कळायला काही मार्ग नाही.

गाळसाक्षी

पाणथळ, हिशेबात सल्फाइड धरा. काळ्या गाळाला कुजक्या अंड्याचा वास असतो ना, तो. एक ग्रॅम सल्फाइड दोन ग्रॅम ऑक्सिजन खातं, आणि तेही झपाट्याने. तळाच्या मीटरात सल्फाइड ३ असेल तर मिसळल्यावर १.७ ऑक्सिजन लगेच गेला. तुमच्या ५ चे ३.३ झाले. वर ढगाळ दिवस, शैवालाकडून नवीन ऑक्सिजन नाही, रात्रभर सगळे जीव श्वास घेणार. पहाटे मासे वर येतात ते बहुधा आधी यामुळे, अमोनियाची पाळी नंतर.

अमोनियाचं ऑक्सिजन-कर्ज मोठं पण सावकाश फेडायचं असतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रीकरणाला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १.२ साठी साडेपाच. तळ्यात शिल्लक होता त्याहून जास्त, फक्त तो काही दिवसांत मागितला जातो. म्हणून वळिवानंतर आठवडाभर ऑक्सिजन पडलेला राहतो आणि लोक गोंधळतात की पाऊस तर कधीच गेला.

शिवाय सल्फाइड नायट्रीकरणाच्या जिवाणूंनाही मारक. त्यांना सावरायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या टप्प्यातले, नायट्राइट खाणारे, कमी ऑक्सिजनला जास्त नाजूक. त्यामुळे अमोनिया उतरायला लागतो तेव्हा नायट्राइट चढतं. वळिवानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून नायट्राइट तपासाच.

पाणथळ

बरोबर, सल्फाइड राहिलंच. हिशेब तुमचा धरावा.

कटला

नायट्राइट चढलं तर मिठाचा उपाय सांगतात. किती घालायचं?

गाळसाक्षी

नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून क्लोराइडच्याच वाटेने आत शिरतं, म्हणून क्लोराइड भरपूर असलं की त्याची वाट अडते. रक्त तपकिरी होणं ही खूण. नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड ठेवा. पण आधी पाण्यातलं क्लोराइड मोजा. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात ते बऱ्याचदा पुरेसं असतं, पावसाच्या पाण्याच्या तळ्यात नसतं. २० ने वाढवायचं असेल तर २२०० घनमीटरला ४४ किलो क्लोराइड, म्हणजे सुमारे ७२ किलो साधं मीठ. पिंपात विरघळवून काठाकाठाने सोडा. खडे तसेच टाकले तर खारं जड पाणी तळाशी बसतं आणि आपणच नवा थर तयार करतो. हेच पाणी द्राक्षाला किंवा डाळिंबाला सोडणार असाल तर आधी विचार करा.

वाऱ्यावर

एरिएटरबद्दल कोणी लिहिलं नाही. पॅडल व्हील लावलं की झालं ना?

पाणथळ

पॅडल व्हील वरचं पाणी उडवतं. त्याचा जोर वरच्या मीटर-सव्वा मीटरापर्यंत. तीन मीटरच्या तळ्यात तो वरच्या पाण्यालाच आणखी ऑक्सिजन देतो आणि तळ तसाच राहतो. तळासाठी ब्लोअर (हवा ढकलणारा पंप) आणि डिफ्यूझर (ती हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा भाग) लागतो. डिफ्यूझर गाळात ठेवू नका, विटांवर किंवा चौकटीवर फूटभर उंच ठेवा. गाळ उडाला तर त्यातलं सल्फाइड आणि अमोनियम एकदम पाण्यात येतं.

सगळ्यात मोठी चूक सुरुवातीला होते. थर मुक्कामाला असताना ब्लोअर रात्रभर चालू केला, की वळिवाने केलं असतं तेच आपण वीजबिल भरून करतो. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, अशा चढत्या क्रमाने आठवडाभरात पूर्ण वेळ. काही जण दुपारी तीन-चारला सुरू करा म्हणतात, कारण वर ऑक्सिजन जास्त असतो. मला ते पटत नाही. त्याच वेळी पीएचही सगळ्यात वर असतो आणि तळाचा अमोनिया मुक्त व्हायला ती वेळ सर्वांत सोयीची. सकाळी दहा-अकरा बरी: ऑक्सिजन चढू लागलेला असतो, पीएच अजून आटोक्यात.

किती ऑक्सिजन लागेल याचा अंदाज खाद्यावरून काढा. ३० टक्के प्रथिनांच्या खाद्यात किलोला ४८ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला पाव हिस्सा, फार तर थोडा जास्त, माशात जातो. दिवसाला १० किलो खाद्य असेल तर साधारण ३५० ग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतो. त्याच्या नायट्रीकरणालाच रोज १.६ किलो ऑक्सिजन. मासे आणि गाळ यांचा श्वास वेगळा.

प्रयोगशाळेतून

अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सोसून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, विसरू नका. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. प्लॅस्टिक अस्तराच्या, पावसाने भरलेल्या तळ्यात ती ५० च्या आसपासच असेल तर ४ नायट्रोजनच्या मागे २९ गेली. मग पीएच घसरतो, नायट्रीकरण मंदावतं, आणि ऑक्सिजन भरपूर असूनही अमोनिया उतरत नाही. ३० ने वाढवायला २२०० घनमीटरला सुमारे १११ किलो खाण्याचा सोडा लागतो, तीन-चार दिवसांत विभागून. अमोनिया चढलेला असताना कळीचा चुना किंवा विरवलेला चुना टाकू नये. पीएच एकदम चढतो आणि अमोनियम मुक्त अमोनियात बदलतो.

विनायट्रीकरणात, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना, यातली निम्मी, ३.५७, परत मिळते.

वाऱ्यावर

तेच विचारणार होतो. विनायट्रीकरण ऑक्सिजन नसतानाच होतं आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. मग तळ ऑक्सिजनशिवाय ठेवलेला चांगलाच की?

धरणकाठ

हा गैरसमज मोठ्या तलावांच्या आराखड्यांतही दिसतो. विनायट्रीकरणाला नायट्रेट लागतं, आणि नायट्रेट तयार व्हायला ऑक्सिजन. दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी हवेत. तळ महिनोन् महिने बंद राहिला तर पहिल्या काही दिवसांत होतं तेवढं नायट्रेट संपतं आणि त्यानंतर फक्त अमोनियम साठतो. त्यात सल्फाइडही असेल तर काही जिवाणू नायट्रेट वायूत न बदलता परत अमोनियमच करतात. नायट्रोजन खरोखर बाहेर जातो तो कुठे? गाळाच्या वर ऑक्सिजनवालं पाणी आणि गाळाच्या काही मिलिमीटर आत ऑक्सिजन नाही, अशा ठिकाणी. मातीच्या तळ्यात हे आपोआप घडतं. प्लॅस्टिक अस्तरावर आधी गाळच नसतो, आणि मग साठतो तो मध्यभागी जाड थर होऊन.

इस्रायलमधलं किन्नेरेट सरोवर बघा. उन्हाळाभर थर, खालच्या पाण्यात अमोनियम साठतो. हिवाळ्याच्या तोंडाला थर मोडतो, तो अमोनियम सगळीकडे पसरतो आणि त्याचं नायट्रेट होतं. पुढच्या उन्हाळ्यात खालचा ऑक्सिजन संपला की त्याचं विनायट्रीकरण. वर्षाला एकदा होणारी ये-जा. दख्खनमधल्या खोल जलाशयांचा वर्षक्रमही बराचसा असाच, फक्त पावसाळ्यातला पूर मध्ये येऊन तो विस्कटतो.

दुसरं टोक टांगानिका. १४७० मीटर खोल, आणि शे-दोनशे मीटरच्या खाली कायम ऑक्सिजन नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय अमोनियम आणि नायट्राइट एकत्र करून नायट्रोजन वायू बनवणारे अ‍ॅनामॉक्स जिवाणू २००६ मध्ये दाखवले गेले. पण ते फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला दहा-बारा दिवस. चार दिवस बसून मोडणाऱ्या थरात त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नायट्रेट मुद्दाम घालूनही काम साधतात. स्वीडनमधल्या लिलेशन तलावाच्या गाळात १९७५ मध्ये कॅल्शियम नायट्रेट टोचून घातलं होतं. अमेरिकेत सिराक्यूजजवळच्या ओनोंडागा सरोवरात २०११ पासून उन्हाळ्यात खालच्या थरात त्याचं द्रावण सोडतात, गाळातून मिथाइल पारा (पाऱ्याचं विषारी रूप) सुटू नये म्हणून. नायट्रेट असेपर्यंत जिवाणू सल्फाइडकडे वळत नाहीत, हे त्यामागचं तत्त्व. शेततळ्यात हा प्रयोग करू नका. मात्रा चुकली तर नायट्राइट आणि शैवाल दोन्ही वाढतात.

गाळसाक्षी

पिण्याच्या पाण्याच्या बाजूनेही लिहा की धरणकाठ.

धरणकाठ

लिहितो. नळयोजनेची विहीर तलावाच्या तळाजवळून पाणी घेत असेल तर एप्रिल-मेमध्ये क्लोरीन टिकत नाही अशी तक्रार येते. दोष ब्लीचिंग पावडरचा असेलच असं नाही. १ अमोनिया-नायट्रोजन पार करून मुक्त क्लोरीन उरायला हिशेबाने ७.६ आणि प्रत्यक्षात ८ ते १० क्लोरीन लागतो. ३० टक्के क्लोरीनच्या पावडरीने १० ची मात्रा म्हणजे हजार लिटरला ३३ ग्रॅम, आणि पावडर जुनी असेल तर त्याहून जास्त. त्यापेक्षा वेगवेगळ्या पातळ्यांवर दारं असतील तर घसरणीच्या पट्ट्याच्या वरचं दार उघडा. फार वरचंही नको, तिथे शैवाल. दर पंधरवड्याला खोलीनुसार ऑक्सिजन मोजल्याशिवाय कुठलं दार उघडायचं ते कळत नाही. तळाच्या पाण्यात मँगनीजही विरघळलेलं असतं. ते नळाच्या पाण्यात काळपट उतरू लागलं की समजा, दार फार खाली आहे.

जलपर्णीने झाकलेल्या तलावात हा पट्टा पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो. प्रकाश नाही, वारा नाही. तिथे औषध फवारून जलपर्णी जागीच कुजवली तर सगळा नायट्रोजन अमोनियम होऊन परत पाण्यात येतो. ती काढून बाहेरच न्यावी लागते.

कटला

शेवटचं. समजा तळाशी अमोनिया ४ निघाला, हवामानखात्याने दोन दिवसांत वळीव सांगितलाय, आणि डिफ्यूझर नाही. आज काय करायचं?

पाणथळ

खाद्य आजच बंद. सबमर्सिबल पंप असेल तर तळाच्या मधोमध, गाळाच्या फूटभर वर लटकवा आणि ते पाणी शेतात सोडा. तळ्यात परत नको. पिकाला अमोनियम उपयोगीच आहे. ५ एचपीच्या पंपाने इतक्या कमी उंचीवर तासाला ४०-५० घनमीटर निघतं असं धरा, म्हणजे बारा-चौदा तासांत तळाचं पाणी बऱ्यापैकी जातं. काढताना दर दोन तासांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ऑक्सिजन तपासा. तो चढू लागला की पंप वरचं पाणी ओढू लागला आहे, थांबवा. तळ्याची पातळी मीटरभर उतरत असेल तर माशांची दाटी बघून ठरवा, आधी थोडी विक्रीला काढता आली तर उत्तम.

पाऊस पडल्यावर रात्री वरचं पाणी उडवणारा पंप चालू ठेवा, सूर्य वर येईपर्यंत. मृगळ तळाशी चरतो, त्याला सर्वांत आधी त्रास होतो. पंगस हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो शांत आहे म्हणून पाणी ठीक आहे असं समजू नका. पहाटे पाचला ऑक्सिजन ३ च्या वर असेल आणि सलग तीन दिवस अमोनिया उतरत असेल, तर निम्म्या खाद्याने सुरुवात करा.